'शॉक्ड' की 'सरप्राइज्ड'? आश्चर्याचे इंग्रजी शब्द, त्यांचा स्वभाव आणि त्यांची जागा

दहावीचा निकाल लागला त्या दुपारची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीच्या आईने मार्कलिस्टचा फोटो टाकला. 91 टक्के! अभिनंदनाचे मेसेज धडाधड यायला लागले. मीही घाईघाईत लिहिलं, 'शॉक्ड टू सी युवर मार्क्स!' माझ्या मनात होतं, 'पोरी, थक्क केलंस!' संध्याकाळी लिफ्टमध्ये ती मुलगीच भेटली. पेढा हातावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "काका, मला एवढे मार्क पडतील असं तुम्हाला वाटलं नव्हतं ना?"

पेढा घशाखाली उतरेना.

घोळ कुठे होतो ते सांगतो. सरप्राइज्ड, अस्टॉनिश्ड, अमेझ्ड, शॉक्ड, स्टन्ड यातला कुठलाही शब्द इंग्रजी-मराठी शब्दकोशात काढून बघा. पुढे बहुतेक वेळा एकच मराठी शब्द सापडेल, 'आश्चर्यचकित'. त्यामुळे आपल्याला वाटतं की हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी चालतात. तसं नाही. प्रत्येकाचा जन्म वेगळ्या ठिकाणी झालाय. कुणी युद्धात जन्मला, कुणी विजांच्या कडकडाटात, तर कुणी भूलभुलैयात. आज तो शब्द गोड लागतो की टोचतो, हे बऱ्याचदा त्याच्या जन्मावरून कळतं.

डार्विनची शिडी

चार्ल्स डार्विनचं 1872 सालचं एक पुस्तक आहे, माणूस आणि प्राणी भावना कशा व्यक्त करतात यावर. त्याच्या बाराव्या प्रकरणात तो आश्चर्याकडे वळतो आणि एक शिडी मांडतो. आधी आपलं लक्ष वेधलं जातं. ते अचानक आणि एकवटून वेधलं गेलं की त्याचं 'सरप्राइज' होतं. सरप्राइज वाढलं की 'अस्टॉनिशमेंट', आणि तेही हाताबाहेर गेलं की 'अमेझमेंट', ज्यात माणूस सुन्न होऊन बसतो. भुवया वर चढतात, डोळे विस्फारतात, तोंड उघडं पडतं. आपल्याकडे याला 'आ वासणे' म्हणतात. डार्विनने त्यावर कितीतरी पानं लिहिली, आपण दोन शब्दांत उरकलं.

लक्षात ठेवायचं ते एवढंच, की सरप्राइज ही खालची पायरी आहे. तो सगळ्यात साधा, सगळ्यात कमी भावनेचा शब्द. घंटा वाजली आणि दारात अनपेक्षित पाहुणा दिसला, की सरप्राइज. पण तो पाहुणा वीस वर्षांपूर्वी परदेशी गेलेला, पत्ताच नसलेला मामा निघाला, तर अस्टॉनिशमेंट.

एक गंमत मात्र डार्विनच्या काळानंतर झाली. त्याने सर्वात वर बसवलेला 'अमेझ' आज घसरत घसरत पार तळाला आलाय. वडापाव अमेझिंग, नवा फोन अमेझिंग, रविवार अमेझिंग. त्याच्याकडे पुढे वळूच.

सरप्राइज म्हणजे मुळात छापा

जुन्या फ्रेंचमध्ये 'सुरप्रांद्र' असं क्रियापद होतं. 'सुर' म्हणजे वरून आणि 'प्रांद्र' म्हणजे पकडणं. वरून झडप घालून पकडणं, असा त्याचा सरळ अर्थ. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो मुख्यतः लष्करी कामासाठी. शत्रू बेसावध असताना केलेला हल्ला म्हणजे सरप्राइज. एप्रिल 1663 मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानाला जे दाखवलं, ते या शब्दाच्या मूळ अर्थाचं अस्सल उदाहरण. वाढदिवसाचा केक आणि फुगे त्याला फार उशिरा चिकटले. आजही इंग्रजीत एखादा 'टेकन बाय सरप्राइज' होतो, म्हणजे बेसावध सापडतो. आणि शाळेतली 'सरप्राइज टेस्ट' मुळाला किती धरून आहे, हे विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको.

या शब्दावरचा एक किस्सा इंग्रजीत फार लोकप्रिय आहे. अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टर (त्याचा मोठा शब्दकोश 1828 चा) घरातल्या मोलकरणीचं चुंबन घेत होता आणि तेवढ्यात बायको दारात. ती म्हणाली, नोआ, मी सरप्राइज्ड आहे! कोशकार शांतपणे म्हणाला, नाही गं, सरप्राइज्ड मी आहे, तू अस्टॉनिश्ड आहेस. किस्सा खरा मानायला काही आधार नाही. हाच किस्सा काही लोक वेबस्टरच्या जागी सॅम्युएल जॉन्सनला घालून सांगतात. पण त्यातली व्याकरणाची बाजू पक्की आहे. पकडला गेला तो सरप्राइज्ड, आणि बघून हादरली ती अस्टॉनिश्ड.

आता रोजच्या वापरातला धोका. 'सरप्राइज्ड' या शब्दात कायम एक छुपी अपेक्षा असते. 'आय ॲम सरप्राइज्ड यू गॉट द जॉब' असं कुणाला लिहिलंत, की समोरचा वाचतो, 'तुला ही नोकरी मिळेल असं मला वाटलं नव्हतं.' 'प्लेझंटली सरप्राइज्ड' म्हणालात तरी फरक एवढाच की टोमण्याला साखर लावली. ऑफिसच्या ईमेलमध्ये तर हा शब्द चक्क शस्त्र आहे. वरिष्ठांनी 'मला आश्चर्य वाटतं की तुमचं उत्तर अजून आलं नाही' असं इंग्रजीत लिहिलं, तर त्यांना आश्चर्य वगैरे काही वाटलेलं नसतं. ते रागावलेले आहेत. उत्तर पाठवा.

वीज, थॉर आणि आपला विस्मय

अस्टॉनिश, अस्टाउंड आणि स्टन हे एकाच घराण्यातले समजले जातात. मूळ लॅटिन 'टोनारे', म्हणजे गडगडणं. 'अस्टॉनिश' झालेला माणूस म्हणजे ज्याच्या डोक्यावर वीज कडाडली आहे असा. इंग्रजीने हीच कल्पना पुन्हा एकदा आपल्या पद्धतीने केली, 'थंडरस्ट्रक'. मराठीत वीज कोसळते ती बहुधा वाईट बातमीने. इंग्रजीत चांगल्या-वाईट दोन्हीने कोसळते. इन्स्टाग्रामवर मैत्रिणीच्या फोटोखाली तुम्ही 'स्टनिंग!' लिहिता, तेव्हा मुळात म्हणत असता की तुला बघून माझ्यावर वीज पडली. कौतुक म्हणून वाईट नाही!

या धातूचं नातं आपल्यापर्यंत पोहोचतं. संस्कृतात 'स्तन्' हा गडगडण्याचा धातू आहे. 'स्तनित' म्हणजे मेघगर्जना आणि 'स्तनयित्नु' म्हणजे गर्जणारा मेघ. बृहदारण्यक उपनिषदात 'द, द, द' असा आवाज करणारा तो हाच. लॅटिन टोनारे, इंग्रजी थंडर आणि हा संस्कृत धातू, तिघांचं मूळ एक. उत्तर युरोपातला गर्जनेचा देव थॉर याचं नावही त्याच मुळातून आलंय, आणि त्याच्यावरूनच थर्सडे, आपला गुरुवार.

थॉर म्हटलं की 'मार्व्हल' आलंच. 1939 मध्ये 'मार्व्हल कॉमिक्स' नावाचा अंक निघाला आणि पुढे कंपनीनेच ते नाव घेतलं. मार्व्हल म्हणजे विस्मयकारक गोष्ट. हा शब्द लॅटिन 'मिरारी' म्हणजे नवल करणे, यातून आला. मिरॅकल, ॲडमायर आणि मिरर हेही त्याच्याच पोटचे. आरशात बघून माणूस स्वतःवर थक्क होतो, हे रोमन लोकांना सेल्फीच्या किती आधी कळलं होतं!

भाषाशास्त्रज्ञ या 'मिर'चं मूळ हसण्याच्या एका फार जुन्या धातूत शोधतात. तोच संस्कृतात 'स्मि' आहे. त्यातून आपला 'स्मित' आला, आणि 'वि' लावून 'विस्मय'. इंग्रजीतला 'स्माइल'ही त्यातलाच. म्हणजे मार्व्हल आणि विस्मय हे दूरचे चुलतभाऊ. आश्चर्याच्या शब्दांतलं हे घराणं भीतीतून जन्मलं नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय आहे, आणि भयाला तिथे वेगळा रस दिलाय. इंग्रजीने मात्र दोघांना बराच काळ एकाच खोलीत ठेवलं.

'वंडर' या जुन्या जर्मानिक शब्दाचं आपल्या 'नवल'शी छान जमतं. 'नो वंडर' म्हणजे 'नवल ते काय!' इतका चपखल जोड मिळणं दुर्मीळ. फक्त एक सांभाळा. 'आय वंडर' म्हणजे 'मला आश्चर्य वाटतं' असं नाही. 'कोण जाणे', 'मला प्रश्न पडतो' असा तो अर्थ आहे.

अमेझ, म्हणजे वाट चुकणं

इंग्रजीत 'मेझ' म्हणजे भूलभुलैया. लखनौच्या बडा इमामबाड्यात आहे तसा. 'अमेझ'चं जुनं रूप माणसाला गोंधळवून टाकणं, भांबावून सोडणं अशा अर्थाचं होतं, आणि 'मेझ' हा त्याचाच भाऊ. संस्कृतातून आपल्याकडे आलेला 'दिङ्मूढ' अगदी हेच सांगतो, ज्याला दिशा कळेनाशा झाल्या तो. 'बिविल्डर्ड'ही त्याच जातीचा. त्यात वाट चुकून रानात भटकणं आहे, विल्डरनेसच्या नात्यातलं.

आज अमेझिंगमधला गोंधळ संपलाय आणि फक्त 'भारी' उरलंय. म्हणून अपघाताच्या किंवा आजारपणाच्या बातमीखाली 'अमेझिंग' लिहू नका. शब्दकोश काहीही म्हणो, वाचणाऱ्याला ते 'वा, छान!' असंच ऐकू येतं.

शॉक: माझी चूक

'शॉक' सोळाव्या शतकात आला, दोन सशस्त्र सैन्यं एकमेकांवर आदळतात त्या अर्थाने. विजेचा झटका हा अर्थ अठराव्या शतकातला, लोक विजेचे प्रयोग करायला लागले तेव्हाचा. दोन्हीत जोराचा आघात आहे, आणि तो आजही गेलेला नाही. मराठी 'धक्का' आणि इंग्रजी 'शॉक' बरोबर जुळतात, पण आपण मराठीत 'सुखद धक्का' सहज म्हणतो, तशी सोय इंग्रजी 'शॉक्ड'ला जवळजवळ नाही. बोलताना गमतीने कुणी म्हणेल, पण लिहिलेल्या ओळीत 'शॉक्ड' म्हणजे वाईट बातमी, घृणा किंवा संताप. निधनाच्या बातमीवर 'शॉक्ड अँड सॅडन्ड' बरोबर. 91 टक्क्यांवर ते साफ चूक. तिथे 'व्हॉट अ रिझल्ट!' किंवा 'सो प्राउड ऑफ यू' एवढं पुरे होतं, आश्चर्याचा शब्द हवाच कशाला? हे मला लिफ्टमधून बाहेर पडल्यावर सुचलं.

2003 मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेव्हा 'शॉक अँड ऑ' हे शब्द जगभर गाजले. शत्रूला एवढ्या जोरात दणका द्यायचा की त्याची लढायची इच्छाच मरावी, अशी ती लष्करी कल्पना 1996 मध्ये मांडली गेली होती. त्यातला शॉक कळतो. पण 'ऑ' म्हणजे काय?

ऑ: भीतीचा भाऊ

नॉर्स भाषेतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ निव्वळ भीती. देवासमोर, राजासमोर, निसर्गासमोर उभं राहिल्यावर वाटते ती. मराठीत याला एक शब्द नाही, 'दरारा' आणि 'भक्ती' यांच्या मधलं काहीतरी. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी पालथं झोपून खाली बघा, किंवा वेरुळच्या कैलास लेण्याच्या तळाशी उभं राहून वर बघा. पोटात गोळा येतो आणि हलावंसंही वाटत नाही, ती 'ऑ'.

या एका शब्दाला दोन मुलं झाली आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. 'ऑफुल' आणि 'ऑसम'. एकेकाळी दोन्हींचा अर्थ जवळपास सारखाच होता, धाक वाटायला लावणारं. नंतर ऑफुल भीतीकडे गेला आणि 'भिकार' झाला, ऑसम भक्तीकडे गेला आणि 'झकास' झाला. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलला कुण्या राजाने 'ऑफुल' म्हणून शाबासकी दिली, अशी पोस्ट तुमच्याकडेही कधीतरी फॉरवर्ड झाली असेल. ती शेअर करण्याआधी थांबा. त्या गोष्टीतला राजा प्रत्येक वेळी बदलतो, कधी जेम्स, कधी चार्ल्स, कधी तर राणी ॲन. शब्दाचा अर्थ बदलला हे मात्र खरं.

टेरिबल आणि टेरिफिकचंही तेच. दोघे लॅटिनमधल्या घाबरवण्याच्या धातूतून आले. एक आज 'भयंकर', दुसरा 'जबरदस्त'. आपणही 'भयंकर आवडलं' म्हणतोच की.

तोंड, शीड आणि एक चावट शब्द

काही शब्द थेट शरीरावर बेतलेले आहेत आणि मराठीशी सहज जुळतात. 'स्पीचलेस' म्हणजे अवाक्. 'डमफाउंडेड'मध्ये मुका आणि गोंधळलेला या दोन शब्दांची सांधेजोड आहे. 'स्टार्टल्ड' म्हणजे दचकलेला, फक्त क्षणभराचा. मांजराने भांडं पाडलं की आपण स्टार्टल होतो, अस्टॉनिश नाही. 'गॉबस्मॅक्ड' हा ब्रिटिश बोलीतला. गॉब म्हणजे तोंड, आणि स्मॅक म्हणजे थप्पड किंवा चापट. तोंडात मारल्यासारखं होणं. मित्रांत चालतो, अर्जात नाही.

'टेकन अबॅक' जहाजावरून उतरलाय. वारा अचानक उलटा फिरला की शिडं मागे डोलकाठीवर दाबली जातात आणि जहाज जागच्या जागी अडतं. म्हणून या शब्दात आश्चर्याबरोबर किंचित नाराजी असते. कुणाच्या उद्धट बोलण्याने आपण 'टेकन अबॅक' होतो. पुरस्कार मिळाल्यावर असं म्हणायला थोडी नाटकी नम्रता लागते.

'फ्लॅबरगास्टेड' कुठून आला हे कोणालाच सांगता आलेलं नाही. 1772 च्या 'ॲन्युअल रजिस्टर' या ब्रिटिश वार्षिकात एका लेखकाने नव्या फॅशनेबल शब्दांची कुरकुर केली, त्यात हा शब्द होता. सोबत 'बोअर्ड'ही होता. कंटाळा येणं ही तेव्हाची नवी फॅशन होती म्हणायची.

आणि एक शब्द टाळाच, 'नॉनप्लस्ड'. जुना अर्थ 'आता पुढे काय करावं सुचेना असा'. अमेरिकेत तो हल्ली बरोबर उलट, 'ज्याला काही फरक पडला नाही असा' म्हणूनही वापरतात. तुम्ही कोणत्या अर्थाने लिहिलंत ते वाचणाऱ्याला कळणार नाही.

व्याकरणाची खोड

मराठी माणसाची सर्वात सामान्य चूक इथे होते. 'आय वॉज सरप्राइजिंग.' 'आय ॲम शॉकिंग.' शेवटी 'इंग' असेल तर तो आश्चर्य देणारा, 'एड' असेल तर घेणारा. चकित करणारा आणि चकित झालेला, एवढाच फरक. बातमी शॉकिंग, तुम्ही शॉक्ड. 'आय ॲम शॉकिंग' म्हणालात, तर मी भयानक माणूस आहे अशी कबुली होते.

दुसरी खोड 'व्हेरी'ची. 'व्हेरी सरप्राइज्ड' चालतं, कारण सरप्राइज कमी-जास्त होऊ शकतं. पण अस्टाउंडेड, फ्लॅबरगास्टेड हे आधीच टोकाचे. त्यांना 'व्हेरी' लावलं की कानाला खटकतं, 'अब्सोल्यूटली' लावतात. मराठीतही आपण 'खूप अवाक् झालो' म्हणत नाही, 'अगदी अवाक्' म्हणतो. कान तोच आहे, फक्त इंग्रजीत वापरायचा.

आणि सरप्राइज्डपुढे 'ॲट' किंवा 'बाय' येतं. 'सरप्राइज्ड विथ' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण ते लिहिताना टाळा.

वॉव ते ओएमजी

'वॉव' आजचा वाटतो ना? गॅव्हिन डग्लस नावाच्या स्कॉटिश कवीने 1513 मध्ये पूर्ण केलेल्या व्हर्जिलच्या भाषांतरात तो आहे. पाचशे वर्षांहून जुना. फेब्रुवारी 2016 मध्ये फेसबुकने 'लाइक'च्या जोडीला नव्या प्रतिक्रिया दिल्या, त्यात उघड्या तोंडाचा 'वॉव' आला. तो चेहरा चांगल्या आणि वाईट दोन्हींवर बसतो, म्हणूनच दुःखाच्या पोस्टवर दाबताना जरा जपून.

'ओएमजी' त्याहून धक्कादायक. 9 सप्टेंबर 1917 रोजी ब्रिटिश नौदलाचे निवृत्त ॲडमिरल लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात हे संक्षिप्त रूप आहे, पुढे कंसात त्याची फोडसुद्धा. सरदारकीचा नवा किताब येणार या बातमीवरची ती थट्टा होती. फिशर तेव्हा 76 वर्षांचे होते. त्यामुळे घरातले आजोबा ओएमजी लिहायला लागले तर हसू नका, ते परंपरेला धरून आहेत.

देवाचं नाव उगाच घेऊ नये अशी बायबलच्या दहा आज्ञांपैकी एक आहे. पण दचकलेल्या माणसाच्या तोंडून देव निघतोच. मग इंग्रजांनी देवाचं नाव अर्धवट चावून टाकलं. 'गॉश' म्हणजे गॉड, 'जी' म्हणजे जीझस, आणि 'ब्लायमी' तर 'देवा, मला आंधळं कर' या शपथेचं चुरगळलेलं रूप. मराठीत ही पंचाईत कधी आली नाही. आपण खुशाल 'अरे देवा' म्हणतो, 'अगं आई गं' म्हणतो, 'बापरे' म्हणतो, आणि देव, आई, बाप कुणीच रागावत नाही. लिफ्टमधल्या त्या मुलीला मी नंतर फोन करून जे म्हणालो, तेही शेवटी मराठीतच म्हणालो. "अबब! 91!"